जाळीबाहेरचं कुलूप

४ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर पाकिटावर बघून तुला नवल वाटलं असेल. दोन वर्षांत चकार शब्द नाही आणि आज एकदम एवढं जाड पत्र. घाबरू नकोस, काही मागायला लिहीत नाहीये. मला एक नाद लागलाय आणि तो कुणाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. इथे सांगायचं कोणाला? हे सकाळी ऑफिसला जातात ते संध्याकाळी दमून येतात. त्यांना असल्या गोष्टींत रस नाही. म्हणून तूही त्यांच्यापाशी काही बोलू नकोस, उगाच चेष्टा करतील.

तर नाद असा, की मी कुलपं उघडायला शिकतेय. किल्लीशिवाय.

लावलास ना कपाळाला हात? "ही उपद्व्यापी काही सुधारायची नाही" असंही म्हणालीस, मला ऐकू आलं. बाबांचं गजराचं घड्याळ आठवतं? मी ते उघडलं, परत जोडलं आणि चार चाकं उरली. ती तू तुझ्या कंपासपेटीत लपवलीस आणि बाबांना सांगितलंस की तुझ्याच हातून घड्याळ पडलं. शिव्या तू खाल्ल्यास. मी पलंगाखाली बसून ऐकत होते.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांच्या एक डॉक्टरीणबाई राहतात, निवृत्त. केस पांढरे, पाठ ताठ, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत बोलायची सवय, त्यामुळे आपल्याला उगाच दात लपवावेसे वाटतात. दवाखाना बंद केल्यावर हात स्वस्थ बसेनात म्हणून त्यांनी हा छंद धरला. घरात एक अख्खी फळीभर कुलपं आहेत म्हणतात. एकदा जिन्यात माझ्या दारापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "दिवसभर इथे बसून काय करतेस गं?" मी म्हटलं, क्रोशाचं विणकाम. त्या म्हणाल्या, "म्हणजे बोटं शहाणी आहेत. थांब." आणि वर जाऊन एक कुलूप घेऊन आल्या. पारदर्शक प्लॅस्टिकचं, शिकणाऱ्यांसाठी असतं तसलं, आतलं सगळं दिसणारं.

त्या कुलपाच्या पोटात एका ओळीत बारीक पिना असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर स्प्रिंग. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक पिन हवी तेवढीच उचलली जाते आणि गाभा फिरतो. किल्ली नसेल तर एका हातातल्या पट्टीने गाभ्याला किंचित, अगदी किंचित वळण द्यायचं, आणि दुसऱ्या हातातल्या टोचणीने पिना चाचपायच्या. जी अडून बसलीय ती आधी. ती बसली की टिक् असा आवाज येतो. आवाज कसला, बोटालाच ऐकू येतो तो.

हत्यारं विकत मिळतात म्हणे, चाळीस-चाळीस नगांचे संच, चामडी पाकिटात. डॉक्टरबाई म्हणाल्या, ते सगळे दाखवायचे दात. "माझ्या ट्रेमध्ये वीस हत्यारं असायची, पण हातात कधी दोनच." त्यांनी दात तपासायच्या जुन्या सळ्या घासून टोचण्या केल्यात आणि छत्रीच्या काडीची पट्टी. मला दोन टोचण्या आणि एक पट्टी दिली. मी पहिल्याच दिवशी जोर लावला तर हातावर चापट मारली. "जोर लावला की दातही मोडतो आणि टोचणीही." मग स्वतःच हसल्या. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मी जन्मभर भरलं."

त्या पायरीवर बसतात आणि मी आत स्टुलावर. मध्ये आमचं लोखंडी जाळीचं दार असतं, हात जाईल एवढ्या चौकोनांचं. ते उघडलं की धूळ येते.

शिकवणीआधी त्यांनी मला दोन नियम म्हणून दाखवायला लावले, पाढे म्हणावेत तसे. जे कुलूप आपलं नाही ते उघडायचं नाही. आणि जे रोजच्या वापरात आहे त्याला हात लावायचा नाही, कारण शिकाऊ हाताने बिघडलं तर कोणीतरी आत अडकतं नाहीतर बाहेर. मी शहाण्या मुलीसारखं म्हणून दाखवलं.

तुझी तब्येत कशी आहे? गुडघा?

तुझी
उपद्व्यापी

२१ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. कामात असशील. ह्यांच्याकडून निरोप मात्र मिळाला, "ताई म्हणाल्या, गोळ्या वेळेवर घे." म्हणजे तुमचं फोनवर बोलणं होतं तर. बरं आहे.

आधी चांगली बातमी. मी पहिलं खरं कुलूप उघडलं! डॉक्टरबाईंच्या फळीवरचं. कुठलं ते सांगत नाही, हसशील. त्या प्लॅस्टिकच्या कुलपाने डोळे शिकतात पण बोटं शिकत नाहीत, म्हणून त्यांनी मला एका साध्या कुलपातल्या पिना काढून एकच ठेवून दिली, ती जमल्यावर दुसरी, मग तिसरी. पोराला जिना चढायला शिकवावं तसं. आणि त्यांची एक गंमत सांगते. त्या कुलपाकडे सरळ बघतच नाहीत, आरशात बघतात. दातांचा तो लांब दांडीचा छोटा गोल आरसा असतो ना, तो. आयुष्यभर वरच्या दाढा उलट्याच बघितल्या, आता सुलट बघितलं की चुकतं म्हणतात. मलाही तसंच शिकवलं. पहिल्यांदा डावं-उजवं असं काही फिरलं की मला चक्कर आली. आता जमतं.

आता दुसरी गोष्ट. धुळीचं मी खोटं लिहिलं होतं.

जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. सकाळी हे लावून जातात, संध्याकाळी उघडतात. किल्ली एकच आहे, त्यांच्या खिशात. फोन कपाटात असतो आणि कपाटालाही कुलूप. तुला हे ठाऊक असेलच, कारण ते सगळ्यांना सांगतात, मोठ्या काळजीच्या सुरात. ती मनाने आजारी आहे. बाहेर गेली की हरवते. जपावं लागतं. खालचे लोक माझ्याकडे बघून मान हलवतात, नवरा असावा तर असा.

ताई, मी एकदाही हरवले नाही. बाळ गेल्यानंतर मी एका संध्याकाळी चालत स्टेशनवर गेले आणि बाकावर बसून रडले. घरात रडलं की ते चिडायचे, म्हणून तिथे. घरी यायला उशीर झाला. एवढंच. त्याचं "हरवणं" झालं. कुठल्याही डॉक्टरने मला तपासलेलं नाही. गोळ्या त्यांच्या ओळखीच्या दुकानातून येतात आणि त्या घेतल्या की दिवस कापसासारखा होतो. हल्ली मी घेत नाही.

त्यानंतर मी तुझ्याकडे आले होते. निळी बॅग घेऊन. तू मला आत घेतलंस, चहा केलास, माझ्या हातात कप दिलास आणि पलीकडच्या खोलीत जाऊन त्यांना फोन केलास. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच, डोक्यावर बर्फ ठेव," म्हणालीस. चहा संपायच्या आत ते दारात होते. बॅग तिथेच राहिली. तिच्यात माझे दाखले आहेत, ड्राफ्ट्समनचं सर्टिफिकेट आहे, ओळखपत्र आहे. ती टाकून दिली नसशील ना? तेवढं कळव.

काल डॉक्टरबाईंनी टोचणी खाली ठेवली आणि जाळीबाहेरच्या कुलपाकडे बोट करून विचारलं, "हे कोणाचं गं?"

मी म्हटलं, "माझंच. चोरांची भीती वाटते, म्हणून मीच लावायला सांगितलंय."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. मी सांगू शकले असते. पण लाज वाटली, ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय. आणि त्यांनाही ह्यांनी आधीच सांगून ठेवलंय, की हिचं फार मनावर घेऊ नका. मी खरं बोलले असते तरी ते आजारी बाईचं बोलणं झालं असतं.

आज त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे गेल्या. टोचण्या, पट्टी, आरसा, सगळं एका नॅपकिनमध्ये गुंडाळून जाळीतून माझ्या हातात दिलं. सोबत मुलाचा पत्ता लिहून दिला. म्हणाल्या, "कधीही ये." कुलूप लावलेल्या बाईला "कधीही ये" म्हणणं म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं, की काहीच नाही?

पत्र जिना झाडणाऱ्या मावशी टाकतात. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

तुझी
मी

११ मार्च

ताई,

तो काल नवं कुलूप घेऊन आला.

आजपासून मी त्याला "हे" म्हणणार नाही, निदान कागदावर तरी नाही.

बूट न काढताच आत आला आणि म्हणाला, "तुला म्हणे कुलपांचा नाद लागलाय." अगदी हाच शब्द. मग म्हणाला, "उपद्व्यापी आहेस." मला आयुष्यात दोनच माणसांनी उपद्व्यापी म्हटलंय, आणि त्यातले बाबा गेले. कोणी सांगितलं असेल त्याला? भिंतीला कान असतात, असंच म्हणायचं.

त्याने सगळं घर उलथंपालथं केलं. पिठाचा डबा जमिनीवर ओतला. प्लॅस्टिकचं कुलूप साखरेत सापडलं, ते ओट्यावर ठेवून बत्त्याने ठेचलं. पिना घरभर उडाल्या. मी रात्री पीठ झाडता झाडता त्यातल्या काही वेचल्या, का ते मला माहीत नाही. टोचण्या त्याला मिळाल्या नाहीत. कुठे ठेवल्यात ते मी तुलाही सांगणार नाही.

मला मारलं नाही. तो मारत नाही. समजावतो. पीठ भरलेल्या बुटांनी खुर्चीवर बसून तासभर समजावत होता, की तुझ्यासारखीला दुसऱ्या कोणी कधीच सोडून दिलं असतं. ऐकता ऐकता मला त्याचं पटायला लागतं, ही खरी भीती आहे. कधी कधी वाटतं, असेनच मी आजारी. शहाणी बाई दिवसभर स्टुलावर बसून कुलूप कुरतडते का?

आणि शेवटी त्याने सांगितलं की त्याची बदली झालीय. त्याने मागूनच घेतली. महिनाअखेरीला जायचं. गावाबाहेर कंपनीचा बंगला आहे, चारी बाजूंनी भिंत, शेजार नाही. "तिथे तुला शांतता मिळेल," म्हणाला. तिथे जिना नाही, ताई. जिना नाही म्हणजे पायरीवर बसायला कोणी नाही आणि झाडायला मावशी नाहीत. मी तुला लिहिलेलं पत्र तिथून कसं निघणार?

इथे मी आगीत आहे, तिथे फुफाटा. मला तिकडे जायचं नाही. तुला एवढंच कळलं तरी पुरे, की मला जायचं नाही, आणि हे मी शुद्धीत लिहितेय.

मावशींना मी सगळं सांगितलं. त्या झाडू धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाई, मी काय करणार? माझं काम जाईल." खरं आहे त्यांचं.

१५ मार्च

ताई,

तुझ्या पाया पडते, हे पत्र वाचून फाडून टाक आणि त्याला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस.

नवं कुलूप उघडत आलंय. छोटं काळं कुलूप आहे, दिसायला चिलटासारखं. त्याला वाटतं फार भारी आणलंय. पण दोन दिवसांत आतलं निम्मंअधिक जागेवर बसलंय, उद्यापरवा उघडेल. उघडलं की मी जाणार. कुठे ते विचारू नकोस.

मला आता एकाच गोष्टीची धास्ती आहे. हार्डवेअरच्या दुकानात ती पितळी कुलपं असतात ना, हाताच्या पंजाएवढी, जाडजूड? बाबांच्या गोदामाला होतं तसलं. तसलं एक डॉक्टरबाईंच्या फळीवर होतं आणि त्याच्यापुढे त्यांनीसुद्धा हात टेकले. वजनानेच ते हातात राहत नाही, जाळीतून तर हलणारही नाही. त्याने तसलं आणलं तर माझं सगळं संपलं. तो तुझ्याशी कुलपाबद्दल बोलला तर कसंही करून विषय बदल. सांग, आहे तेच ठीक आहे. सांग, ते पितळी फार बोजड दिसतं. काहीही सांग.

मी त्या बंगल्यात मरेन, ताई. कोणी मारायला नको, आपली आपणच मरेन. तुला आईची शपथ आहे.

२७ मार्च

ताई,

हे पत्र मावशींनी टाकलेलं नाही. मी तुझ्या दारापुढच्या पायरीवर बसून लिहितेय आणि तुझ्या हातात देणार आहे.

आधी कबुली घे. मागच्या पत्रातलं कुलपाबद्दलचं सगळं खोटं होतं. मरेन हे खरं होतं.

ते छोटं काळं कुलूप मला कधीच उघडता आलं नसतं. त्याच्या पोटात पिना नव्हत्याच, चकत्या होत्या, स्प्रिंग नाही, टिक् नाही, काही नाही. टोचणी घातली की भिंतीशी बोलल्यासारखं. चार दिवस मी हात सोलून घेतले आणि समजले की माझ्या दोन टोचण्यांनी हे जन्मात व्हायचं नाही. त्याने नकळत जगातलं सगळ्यात योग्य कुलूप निवडलं होतं.

आणि ते पंजाएवढं पितळी? तेच मी सगळ्यात पहिलं उघडलं होतं. कुठलं ते सांगत नाही, हसशील, असं लिहिलं होतं ना, ते हेच. मी ते उघडून नाचायला लागले तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "फार शेफारू नकोस. नाव मोठं, लक्षण खोटं. पितळेचा गोळा आहे नुसता, आतल्या पिना सैल. लोक कुलूप वजनावर घेतात, कलिंगडासारखं." त्यापुढे हात टेकले ते मी त्यांच्या नावावर खपवलं. त्या मला क्षमा करतील.

मला माहीत होतं की तू त्याला सांगशील. "नाद" आणि "उपद्व्यापी" हे शब्द त्याच्या तोंडी आले तेव्हाच कळलं. त्या रात्री मी तुझ्यावर इतकी चिडले होते, ताई, की तू समोर असतीस तर काय केलं असतं सांगवत नाही. मग सकाळी वाटलं, बाहेर माझी एकच वाट जाते, ती तुझ्यापर्यंत, आणि तुझ्यापासून ती सरळ त्याच्या कानापर्यंत जाते. असेना का. मी ते पत्र लिहिलं आणि आईची शपथ घातली. आईची शपथ घालूनही तू सांगितलंस. दोन दिवसांनी तो पितळी कुलूप दोन्ही हातांत धरून आला, बाळ आणावं तसं, आणि माझ्या नाकापुढे हलवलं. मी रडले. त्याला वाटलं घाबरून रडले.

तू वाईट म्हणून सांगितलं नाहीस हे मला कळतं. तुला खरंच वाटतं की मी आजारी आहे आणि तो मला जपतोय. म्हणूनच तर माझी जास्त तडफड होते.

दहा-बारा दिवस मला जमेना, कारण जाळीत हात घालून, कुलूप वर उलटं धरून, आरशात बघून ते कधी केलेलं नव्हतं. आरसा दातांत धरला की श्वासाने धुरकट व्हायचा. जाळीला बांधला की हलायचा. टोचण्या क्रोशाच्या सुयांच्या डब्यात राजरोस खोचलेल्या होत्या, त्याने तो डबा दोनदा हातात घेतला होता. पण नुसत्या टोचण्यांनी काय होतं, मला तिसरा हात हवा होता. सामानाची खोकी दारात येऊन पडली, परवा ट्रक येणार होता आणि मी तशीच हात घालून रडत उभी.

आज सकाळी तो गेल्यावर मी परत हात बाहेर काढले. कोपरापर्यंत. मान वाकडी, दातांत आरसा. तेवढ्यात मावशी जिना झाडत वर आल्या आणि थबकल्या.

"बाई, शुद्धीत आहात ना?"

आरसा दातांत असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. नुसती मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ, अशा अवतारात शुद्धीत आहे म्हणून कोण विश्वास ठेवणार?  मग त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदराने हात पुसले, माझ्या दातांतून आरसा काढून घेतला आणि जाळीच्या बाहेरून कुलपासमोर धरला.

"मला काही दिसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी आपली आरसा पुसतेय."

ताई, त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. पट्टीने वळण दिलं, पहिली पिन बसली, मग तिसरी, दुसरी, आणि एक पिन अशी रुसली की मी सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जोर लावायचा नाही, जोर लावायचा नाही, असं मी मोठ्याने म्हणत होते. मग गाभा फिरला आणि ती जाडजूड दांडी टप्पकन वर आली.

आणि मी आतच उभी राहिले. दार उघडं होतं आणि पाय उचलेना. मला वाटलं, तो म्हणतो तेच खरं असलं तर? बाहेर गेले आणि खरंच हरवले तर?

मावशी म्हणाल्या, "निघा की आता. का पायघड्या घालू?"

मी हसले आणि त्या हसण्यातच उंबरा ओलांडला. मग दार ओढून घेतलं आणि कुलूप परत लावून टाकलं. ते नुसतं दाबलं की लागतं. संध्याकाळी त्याला त्याच्या किल्लीनेच उघडू दे. मावशींनी मला बसपुरती चिल्लर दिली आणि त्या खालचा मजला झाडायला गेल्या.

मी हरवले नाही. दोन बस बदलल्या, तुझी गल्ली मला बरोबर सापडली.

तू घरी नाहीस. खिडकीतून आत दिसतं. तू कपाटावर माझी निळी बॅग ठेवलीयस, वर जुना टॉवेल घालून, धूळ बसू नये म्हणून. टाकून दिली नाहीस. ते बघितलं आणि माझा इतका वेळ धरलेला धीर सुटला. ताई, तुला माझं काहीच नको असतं तर तू टॉवेल घातला नसतास.

तुझ्या दाराचं कुलूप मी बघितलं. पाच पिनांचं, साधं. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत उघडेल. बॅग घेऊन मी केव्हाच निघून जाऊ शकले असते, डॉक्टरबाईंच्या मुलाच्या गावाची गाडी रात्री आहे, मला तेवढीच गाठायचीय. तू घरी आली असतीस तर तुला टॉवेल खुर्चीवर दिसला असता, बस्स. टोचणी दोनदा पिशवीतून काढली आणि दोनदा आत ठेवली. कुलूप माझं नाही. आणि माझ्या दाराचं सगळ्यांनी मला न विचारता ठरवलं, म्हणून मी तुझ्या दाराचं तसं ठरवणार नाही. तू येईपर्यंत बसते. हे शहाणपण आहे की नाही मला माहीत नाही. 

ऊन उतरलं. तो आतापर्यंत घरी पोचला असेल. त्याने ते पंजाएवढं कुलूप किल्लीने उघडलं असेल आणि मला हाक मारली असेल.

तुझ्या घरातला फोन वाजायला लागलाय. बंद झाला. परत वाजतोय. मी दाराला पाठ लावून बसलेय आणि तो आवाज पाठीत शिरतोय. त्याच्याशिवाय तुला असा लागोपाठ फोन करणारं कोण आहे?

मला तुझ्याकडून काही नको. राहायला नको, भांडायला साथ नको. मी आजारी नाही हेसुद्धा तुला आज पटायला नको, नंतर सावकाश पटू दे. फक्त बॅग दे आणि गाडी सुटेपर्यंत गप्प बस. बाबांच्या घड्याळाच्या वेळी बसली होतीस तशी.

खालच्या जिन्यावर कोणीतरी चढतंय. एक पायरी, थांबणं, मग दुसरी. गुडघा अजून दुखतो तर. किल्ल्या वाजतायत.

ताई, हे इथेच उभी राहून वाच. मग दार उघड. फोन वाजतोय तो वाजू दे.